पाण्याची भिंत घरात उभी करण्यापूर्वी

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा इथे एकाच ओसरीवर सुखाने नांदतात. अशा गावांतल्या अनेक घरांचे चित्र आज सारखेच दिसते. मुले सोलापूर, पुणे, मुंबई गाठून स्थिरावली आहेत आणि जुन्या घरात वयस्क आईवडील, नाही तर दोघांपैकी एकच, उरले आहेत. सणाला मुले येतात, घरातली शांतता त्यांना बोचते आणि आईवडिलांना काही विरंगुळा हवा असे त्यांच्या मनात येते. कुत्र्यामांजरांचे करणे या वयात झेपत नाही, म्हणून माशांची टाकी सुचते. मुले हौसेने म्हणतात, "घ्यायचीच तर मोठी घेऊ, चार फुटांची. सोप्यात छान दिसेल." त्यावर घरातील वडीलधारे माणूस हळूच विचारते, "आणि गळली तर?"

या प्रश्नाला बहुतेक घरांत हसून उत्तर दिले जाते. 'तुम्ही उगाच काळजी करता' असे म्हटले की विषय संपतो. तो तसा संपू नये. अडीचशे लिटर पाणी काचेच्या पाच तुकड्यांत आणि चिकटद्रव्याच्या चार उभ्या, चार आडव्या सांध्यांत तोलून धरायचे आहे. ते जमिनीवर आले, तर त्या वेळी घरात कदाचित सत्तरी ओलांडलेले एकच माणूस असणार आहे. त्याने विचारलेला प्रश्न भित्रेपणाचा नाही. टाकी निवडताना सर्वांत आधी विचारावा असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

मासे कशासाठी?

धोक्याचा विचार करण्याआधी लाभाचा विचार करू. लाभच नसेल, तर धोका पत्करण्यात अर्थ नाही.

पोहणारे मासे पाहिल्याने मन निवते, हा अनुभव जुना आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. सहलीला गेलेल्या कित्येक पिढ्यांनी तिथल्या काचेला नाक लावून तो अनुभव घेतला आहे. पुढे संशोधकांनीही त्याची पारख केली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले की माशांची टाकी पाहत बसलेल्या व्यक्तींचा रक्तदाब काही काळ उतरतो. इंग्लंडमधील प्लिमथ येथील राष्ट्रीय मत्स्यालयात झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. टाकीत मासे जसजसे वाढले, तसतसे प्रेक्षक तिच्यापुढे अधिक वेळ रेंगाळले, असे त्यात दिसले.

शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष वाटावा असा अभ्यास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा आहे. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे अल्झायमरचे, ६२ रुग्ण जिथे जेवत, त्या खोल्यांत माशांच्या टाक्या ठेवण्यात आल्या. जेवणाच्या वेळी सैरभैर होऊन उठून जाणारे रुग्ण जागेवर बसू लागले, त्यांचे खाणे वाढले आणि पुढील आठवड्यांत वजनातही थोडी वाढ दिसली. 'आई दोन घास खाऊन उठते' हे दुःख ज्या घरात आहे, तिथे या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मासे हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी टाकीमुळे बंद होत नाही. दुसरी, हा लाभ टाकी चार फुटांची असली तरच मिळतो, असे यात कुठेही नाही. दोन फुटी टाकीतले आठ-दहा रंगीत मासेही सायंकाळ सुखाची करू शकतात. मोठ्या टाकीचा आग्रह अनेकदा घराच्या शोभेसाठी असतो आणि तिचा भार मात्र घरात राहणाऱ्यांवर पडतो.

भीती किती खरी?

टाकी फुटण्याची भीती मनात घर करून बसण्यास अलीकडची एक घटना कारणीभूत आहे. जर्मनीतील बर्लिन शहरात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात 'ॲक्वाडोम' नावाचे प्रचंड दंडगोलाकृती मत्स्यालय होते. त्याची उंची सुमारे १४ मीटर होती आणि त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते एकाएकी फुटले. पाण्याचा लोंढा रस्त्यापर्यंत गेला, दोघे जखमी झाले आणि सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. वेळ पहाटेची होती म्हणूनच मोठी मनुष्यहानी टळली. तज्ज्ञांनी पुढे तपास केला, पण एकच एक कारण ठामपणे सांगता आले नाही. सांध्याचा बंध सुटणे ही त्यांनी विचारात घेतलेल्या शक्यतांपैकी एक होती.

ती दृश्ये पाहून घरातल्या टाकीची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे पदार्थविज्ञानातला एक साधा नियम धीर देतो. पाण्याचा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, टाकीच्या लांबीवर नव्हे. बर्लिनच्या टाकीत तळाशी १४ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब होता. आपल्या दीड फूट उंचीच्या टाकीत तो त्याच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. घरगुती टाकी स्फोट झाल्यासारखी फुटणे हे विरळा. घरात नेहमी घडते ती झिरप. सांध्याच्या एखाद्या कोपऱ्यातून थेंब येतो, टाकीखालचा कागद ओला होतो, फळी फुगते. झिरप आधी इशारा देते आणि तो ओळखणारा डोळा घरात असला, तर अनर्थ टळतो.

म्हणून भीती पुरती खोटी नाही. ती चुकीच्या जागी लागली आहे. काच एकाएकी फुटेल या धास्तीने रात्र जागून काढण्यात लाभ नाही. टाकीचा आकार, तिची बैठक, तिचे सांधे आणि भोवतालची वीज या चार गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे.

आकार कोणी ठरवायचा?

टाकीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला २८ ने गुणावे. इतके लिटर पाणी टाकीत मावते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत अशा हिशेबाने सुमारे २५० लिटर पाणी बसते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. त्यात जाड काच, तळाची वाळू-खडे आणि लोखंडी घोडी मिळवली की एकूण भार साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. पाच धडधाकट माणसे दीड फूट रुंदीच्या पट्ट्यात रात्रंदिवस उभी आहेत, अशी कल्पना करावी. याउलट दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत ७० लिटर पाणी मावते आणि सगळा भार शंभर किलोंच्या आसपास राहतो.

आता हेच पाणी जमिनीवर आले असे धरू. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत २५० लिटर पाणी सुमारे सव्वादोन सेंटिमीटर चढते. जुन्या घरांच्या उंच उंबऱ्यामुळे ते बाहेरही पडत नाही. जमिनीवर ठेवलेला विजेचा जोडफलक, म्हणजे ज्याला आपण एक्स्टेन्शन बोर्ड म्हणतो, त्यात बुडू शकतो. ७० लिटर पाणी त्याच खोलीत सहा मिलिमीटरच्या आसपास राहते. त्रास तेव्हाही होतो, पण तो फरशीपुसणीच्या आवाक्यातला असतो.

उंचीचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. चार फूट लांबीच्या टाकीत दीड फूट पाणी भरले, तर समोरच्या काचेवर एकूण सुमारे १२० किलो वजनाइतका रेटा पडतो. उंची दोन फूट केली, तर तो २१० किलोंच्या पुढे जातो. उंची एक तृतीयांशाने वाढली आणि रेटा पावणेदोन पटींहून अधिक झाला. म्हणून ज्यांना लांबलचक दृश्याची हौस आहे, त्यांनी लांबी वाढवावी, उंची वाढवू नये. ठेंगणी टाकी वयस्कांना इतर अर्थांनीही सोयीची असते. तळापर्यंत हात पोहोचतो, स्टुलावर चढावे लागत नाही आणि खुर्चीत बसून मासे नजरेच्या रेषेत दिसतात.

या सगळ्यातून एक नियम हाती येतो. टाकीचा आकार खोलीने ठरवू नये आणि खिशानेही ठरवू नये. तो घरातल्या सर्वांत अशक्त माणसाने ठरवावा. टाकी गळू लागेल तेव्हा घरात जे माणूस एकटे असण्याचा संभव आहे, त्याला जेवढे पाणी आवरता येईल, तेवढीच टाकी त्या घराची.

आपली माती, आपली घरे

टाकीबरोबर येणाऱ्या सूचना परगावच्या सपाट सिमेंटी जमिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. सोलापूर जिल्ह्यातील बराचसा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात हातभर खोल भेगा पडतात, त्या तिच्याच. जुन्या घरांचा पाया उथळ असेल, तर जमिनीबरोबर फरशीही थोडी वर-खाली होते. माणसाला तो फरक कळत नाही, पण काचेच्या टाकीला कळतो. एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खचला तरी टाकीला पीळ बसतो, काचेवर आणि सांध्यांवर असमान ताण येतो आणि कालांतराने तिथूनच थेंब सुटतो.

यावर उपाय गवंड्याच्या पिशवीत आहे. टाकी बसवताना पाणसळ लावून घोडी दोन्ही दिशांनी समतल करून घ्यावी. टाकीच्या सपाट काचतळाखाली थर्माकोलचा तावभर तुकडा घालावा म्हणजे बारीक उंचसखलपणा त्यात जिरतो. त्यानंतर वर्षातून दोनदा, चैत्रात आणि पावसाळा संपल्यावर, पुन्हा पाणसळ लावून पाहावी. पाणसळ नसेल, तर टाकीतल्या पाण्याची रेषाच साक्ष देते. दोन्ही टोकांना काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे नसेल, तर टाकी कलली आहे.

जुन्या माळवदाच्या घरात टाकी नेहमी तळमजल्यावर, भिंतीलगत ठेवावी. माडीवर ठेवू नये. सोलापुरात किंवा पुण्यात सदनिकेत राहणाऱ्यांनी हे जाणावे की राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. चार फुटी टाकीच्या पायाखाली तो सहाशे किलोंच्या पुढे जातो. हा भार खोलीभर वाटला जात असल्याने लगेच काही कोसळत नाही, पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवणे शहाणपणाचे. मोठी टाकी घ्यायचीच असेल, तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

आणखी एक आठवण या भागातील वडीलधाऱ्यांना द्यावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची, गणेशविसर्जनानंतरची ती पहाट. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत हाहाकार केला आणि सोलापूरकरांनाही अंथरुणातून उठवले. तसे पुन्हा घडेल म्हणून कोणी घर सोडत नाही. परंतु उंच, अरुंद घोडीवर टाकी ठेवू नये, घोडी भिंतीला पट्टीने बांधून घ्यावी आणि निजण्याच्या खाटेच्या डोक्याशी टाकी कधीही ठेवू नये, एवढे त्या रात्रीपासून शिकता येते.

शहाबादी फरशीचाही उल्लेख हवा. पावलांनी वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेली ही फरशी उन्हाळ्यात गार लागते, पण पाणी पडले की अत्यंत निसरडी होते. टाकीसमोर पाणी शोषणारे, खाली रबर असलेले पायपुसणे अंथरावे. कडा दुमडणारी सतरंजी नको.

विकत घेताना

साधी काच आणि कडक केलेली, म्हणजे टफन्ड, काच यांतील फरक समजून घ्यावा. साधी काच फुटताना बहुधा तडा जातो आणि त्या तड्यातून पाणी येऊ लागते. कडक काच मजबूत असते, पण फुटली तर एकदम बारीक तुकड्यांत विखुरते आणि सारे पाणी एका क्षणी बाहेर येते. घरगुती टाक्यांत पुरेशा जाडीची साधी काच सर्रास वापरतात. दीड फूट उंचीच्या चार फुटी टाकीला साधारण १० मिलिमीटर आणि दोन फूट उंचीला १२ मिलिमीटर जाडी असावी. वरच्या कडेने आतून काचेच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असाव्यात. मधोमध फुगू पाहणाऱ्या काचेला त्या धरून ठेवतात.

सांध्यांतील सिलिकॉन सलग, बुडबुडे नसलेले आणि सारख्या जाडीचे दिसले पाहिजे. नखाने कडेला हलकेच उचलून पाहिल्यास ते सुटता कामा नये. चांगले सिलिकॉनही साधारणतः दहा-पंधरा वर्षांनी कडक होऊ लागते. म्हणून कोणी जुनी टाकी 'अशीच घेऊन जा' म्हणून दिली, विशेषतः ती गच्चीवर उन्हात कोरडी पडलेली असली, तर ती पारखल्याशिवाय घरात आणू नये.

पारख अशी करावी. टाकी घरात नेण्याआधी अंगणात, सावलीत, समतल फळीवर ठेवावी. खाली आणि चारही बाजूंनी कोरडे वर्तमानपत्र अंथरावे. पाणी एकदम भरू नये. पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, तिसऱ्या दिवशी पूर्ण भरावी आणि पुढे दोन-तीन दिवस तशीच राहू द्यावी. वर्तमानपत्रावर एकही ओला डाग पडला नाही, तरच टाकी घरात न्यावी. या कामाला घाई नको. विक्रेता कितीही विश्वासाचा असला, तरी वाहतुकीत बसलेला धक्का त्याच्याही हातात नसतो.

सांधा झिरपू लागल्यास वरून सिलिकॉनचा लेप देण्याचा मोह होतो. तो टिकत नाही, कारण वाळलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. टाकी रिकामी करून, जुने सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून, काच स्वच्छ करूनच नवे भरावे लागते आणि ते काही दिवस वाळू द्यावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन टाकीला चालत नाही. ते माशांना घातक असते.

गळती की गळतीचा भास?

रोज सकाळी पाणी बोटभर कमी दिसते आणि मनात शंका येते. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, पंखा दिवसभर फिरतो. तेव्हा उघड्या टाकीतले पाणी झपाट्याने उडून जाते. याची परीक्षा सोपी आहे. टाकीजवळ पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण करावी. दोन दिवसांनी दोन्हींतले पाणी जवळजवळ सारखेच उतरले असेल, तर तो उन्हाचा प्रताप आहे. टाकीतले पाणी फार अधिक उतरले असेल, तर झिरप शोधावी. उतरत उतरत पाणी एका उंचीवर थबकले, तर छिद्र त्याच उंचीच्या आसपास असते.

आपल्याकडचा दुसरा मोठा अपराधी म्हणजे भारनियमन. हवेचा पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला असतो. वीज गेली की हवा थांबते आणि पाणी त्याच बारीक नळीतून उलटे वाहत जमिनीवर ठिबकू लागते. सकाळी पाणी दिसते आणि दोष काचेला दिला जातो. यावर दोन स्वस्त उपाय आहेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, किंवा नळीत पाणी उलटे येऊ न देणारी लहानशी झडप बसवून घ्यावी. शिवाय गाळणीच्या नळ्यांचे जोड आणि झाकणावरून उडणारे तुषार यांची तपासणी आधी करावी. टाकीखालचे बरेचसे पाणी अशाच किरकोळ ठिकाणांहून आलेले असते.

पाणी जमिनीवर आलेच तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. म्हणून गळतीच्या वेळी मासे, लाकडी सामान, गालिचा यांपैकी काहीही पहिले नसते. पहिले माणूस.

ओल्या जमिनीवर पाऊल टाकू नये. कोरड्या वाटेने मुख्य कळीपर्यंत, म्हणजे मेन स्विचपर्यंत, जाता येत असेल तरच जाऊन वीज बंद करावी. जाता येत नसेल, तर खोलीबाहेर राहून शेजाऱ्यांना हाक मारावी. बादली घेऊन धावू नये. बादलीभर टाकीच्याच पाण्यात मासे काही तास तग धरतात, पण मोडलेले खुब्याचे हाड सांधायला महिने जातात. घरातल्या सर्वांनी हे आधीच बोलून ठेवलेले असावे. शेजारचा आणि वायरमनचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा.

विजेची तयारी टाकी येण्यापूर्वीच हवी. गळतीचा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे संरक्षक उपकरण विद्युत कारागिराकडून बसवून घ्यावे. प्लग जमिनीपासून उंच असावा, आणि वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ खाऊन मग वर गेलेली असावी. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळापाशी गळून पडते, प्लगपर्यंत पोहोचत नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करण्याचा शिरस्ता घरात कसोशीने पाळावा.

रोजची निगा आणि पाण्याचे भान

गळती क्वचित होते, निगा दर आठवड्याला राखावी लागते. टाकीतील साधारण चौथा हिस्सा पाणी आठवड्याला बदलायचे, तर चार फुटी टाकीत ते साठ लिटरांपर्यंत जाते. म्हणजे चार भरल्या बादल्या आत आणि चार बाहेर. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने हे करू नये. दोन फुटी टाकीचे अठरा लिटर तांब्या-तांब्याने निभावते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. हातावर जखम असेल, मधुमेह असेल, तर टाकीत हात घालताना लांब रबरी हातमोजे घालावेत. टाकीच्या पाण्यातील 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' नावाचा जंतू जखमेतून शिरून त्वचेवर हळूहळू वाढणारी गाठ आणू शकतो. बोटावर, हातावर अशी बरी न होणारी गाठ दिसली, तर घरात माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, अशा भागात आठवड्याला साठ लिटर माशांसाठी खर्चावे का, हा प्रश्नही टाळू नये. पर्जन्यछायेच्या प्रदेशात वाढलेल्या आजीच्या मनाला तो टोचतोच. काढलेले पाणी तुळशीला, फुलझाडांना घालावे. माशांच्या विष्ठेमुळे ते झाडांना मानवते. आपल्या भागातील विहिरी-कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. गप्पी, मोली, प्लॅटी यांसारख्या माशांना ते सोसते. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे आणि ती बादली जाळीने झाकावी, नाही तर डेंग्यूच्या डासांना आयते घर मिळते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्ती माशांना पुन्हा पुन्हा खायला घालतात आणि पाणी नासते. औषधांच्या गोळ्यांसाठी वारांची डबी वापरतो, तशाच डबीत एकेका दिवसाची चिमूट भरून ठेवावी. खाऊ घालण्याचा आनंद राहतो, अतिरेक टळतो.

काळजी करणाऱ्याशी बोलताना

वडीलधारी मंडळी 'टाकी गळली तर?' असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न दडलेला असतो. 'मी एकटी असताना काही झाले, तर कोण येईल?' काचेची जाडी सांगून त्याचे उत्तर मिळत नाही. शेजारी कोणाला सांगून ठेवले आहे, बिघाड झाल्यास किती वेळात कोण पोहोचेल, दर आठवड्याला बादल्या कोण उचलेल आणि टाकी नकोशी झाली तर ती विनातक्रार कोण घेऊन जाईल, हे चार शब्द स्पष्ट सांगितले, तर मनावरचा निम्मा भार उतरतो. यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल, तर ती भेट तूर्त देऊ नये. आईने नको म्हटले, तर त्या नकाराचाही मान राखावा. पुष्कळदा मोठ्या टाकीला नकार देणारे माणूस लहान टाकी आनंदाने स्वीकारते, फक्त तसे त्याला कोणी विचारलेले नसते.

आणि टाकी आलीच, तर तिच्याखाली पांढऱ्या कागदाची एक घडी कायम ठेवावी. रोज सकाळी देवपूजेआधी तिच्यावरून हात फिरवावा. कागद कोरडा लागला की मन निश्चिंत होते. ओला लागला, तर अडीचशे नव्हे, अडीच थेंबांवरच गोष्ट लक्षात आलेली असते आणि मुलाला किंवा शेजाऱ्याला बोलावून घ्यायला भरपूर वेळ हाताशी असतो.